उसना उजेड, पक्का सांधा

१० डिसेंबर २००० रोजी स्टॉकहोममध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना देण्यात आले. अर्धा वाटा जॅक किल्बी यांचा होता. स्फटिकाच्या एकाच तुकड्यावर अख्खे इलेक्ट्रॉनिक मंडल बसवण्याचे काम त्यांचे. उरलेला अर्धा झोरेस अल्फेरॉव्ह आणि हर्बर्ट क्रोमर यांच्यात वाटला गेला. दोन निराळ्या अर्धवाहकांचे थर एका अखंड स्फटिकात जोडण्याचे, म्हणजे हेटरोस्ट्रक्चरचे, काम त्यांचे. एका व्यासपीठावर आलेल्या या दोन कामांची घराणी मात्र वेगळी होती. पहिले सिलिकॉनवर वाढले आणि त्यातून संगणक झाला. दुसरे गॅलियम आर्सेनाइड आणि इंडियम फॉस्फाइड यांच्यावर वाढले आणि त्यातून काचतंतूत उजेड सोडणारा चिमुकला लेसर झाला. हिशेब एका स्फटिकात होत राहिला आणि निरोप दुसऱ्या स्फटिकाच्या उजेडाने जात राहिला. ही दोन घराणी एकाच चकतीवर नांदवण्याच्या खटपटीला आज सिलिकॉन फोटॉनिक्स म्हणतात. तिचा इतिहास बहुधा एका अडलेल्या शोधाची कथा म्हणून सांगितला जातो: सिलिकॉन प्रकाश देत नाही, आणि ज्या दिवशी कोणी तो देववेल त्या दिवशी सगळे सुटेल. मला हा इतिहास निराळा दिसतो. या क्षेत्रातले प्रत्येक मोठे पाऊल पडले ते दोन भिन्न पदार्थांमधला सांधा निर्दोष करता आला तेव्हा. सिलिकॉनला उजेड उसनाच मिळाला, आणि तो घेण्याची रीत जसजशी पक्की होत गेली तसतशी ही विद्या पुढे गेली.

आधी सिलिकॉनची अडचण नीट समजून घ्यावी लागते. अर्धवाहकात वरच्या पट्ट्यातला इलेक्ट्रॉन खालच्या पट्ट्यातल्या रिकाम्या जागेत उतरतो आणि उरलेली ऊर्जा कुठेतरी जाते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये ही उतरण सरळ आहे. इलेक्ट्रॉनचा संवेग आणि रिकाम्या जागेचा संवेग जुळतात, त्यामुळे ऊर्जा थेट प्रकाशकण होऊन बाहेर पडते. सिलिकॉनमध्ये हे दोन संवेग जुळत नाहीत. इलेक्ट्रॉनला उतरायचे तर स्फटिकाच्या कंपनाची सोबत लागते, आणि तसा योग फार विरळा येतो. तो येण्याच्या कितीतरी आधी इलेक्ट्रॉन एखाद्या दोषाच्या जागी अडकून आपली ऊर्जा उष्णतेत घालवून बसतो. ही गोष्ट स्फटिकाच्या घडणीतच आहे. सिलिकॉन कितीही शुद्ध केले तरी ती पालटत नाही. पण याच सिलिकॉनमध्ये दुसरे गुण आहेत. १.३ आणि १.५५ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाला ते काचेसारखे पारदर्शक आहे, आणि काचतंतूतून दळणवळण चालते ते नेमके याच तरंगलांबींवर. त्याचा अपवर्तनांक ३.५ च्या जवळपास, तर सिलिकॉन डायऑक्साइडचा १.४५ च्या आसपास. एवढा फरक असला की सिलिकॉनच्या बारीक रेघेत शिरलेला प्रकाश तिच्या कडांवरून आत परततो आणि रेघ वळेल तसा वळतो. अशा रेघेलाच वेव्हगाइड म्हणतात. थोडक्यात, सिलिकॉन प्रकाशाला वाट उत्तम देते. प्रकाश देत नाही.

प्रकाश देणाऱ्या घराण्याची सुरुवात १९६२ ची. त्या जुलैत अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये झालेल्या एका परिषदेत, गॅलियम आर्सेनाइडच्या डायोडमधून फार मोठ्या कार्यक्षमतेने अवरक्त प्रकाश निघतो असे लिंकन लॅबोरेटरीच्या संशोधकांनी मांडले. जनरल इलेक्ट्रिकचे रॉबर्ट हॉल ते ऐकून परतीच्या प्रवासातच आकडेमोड करू लागले आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्या डायोडमधून लेसर किरण निघाला. त्याच शरद ऋतूत आयबीएममध्ये मार्शल नॅथन, जनरल इलेक्ट्रिकच्याच दुसऱ्या प्रयोगशाळेत निक होलोन्याक आणि लिंकन लॅबोरेटरीत रॉबर्ट रेडिकर यांचे गट आपापल्या लेसरपर्यंत पोचले. चौघांनाही सिद्धांत ठाऊक होता. लेसरच्या मुळाशी असलेली उत्तेजित उत्सर्जनाची कल्पना आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्येच मांडली होती. कस लागला तो हातांचा. स्फटिकाच्या दोन समोरासमोरच्या कडा आरशासारख्या आणि एकमेकींना अचूक समांतर घासायच्या होत्या. हॉल यांना तरुणपणी हौसेने दुर्बिणी घडवताना काच घासण्याची सवय झाली होती आणि ती इथे उपयोगी पडली. तरीही हा लेसर व्यवहारात निरुपयोगी होता. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेआठ हजार अँपिअर या दराने विजेचे क्षणिक झटके दिले तरच तो चाले. कारण उघड होते. डायोडच्या दोन्ही बाजू एकाच पदार्थाच्या असल्याने आत ओतलेले इलेक्ट्रॉन जागेवर थांबत नव्हते. ते पसरून वाया जात होते. त्यांना अडवायला कुंपण हवे होते, आणि ते कुंपण दुसऱ्या पदार्थाचेच घालावे लागणार होते.

ही कल्पना १९६३ मध्ये क्रोमर यांनी अमेरिकेत, तर अल्फेरॉव्ह आणि रुडॉल्फ काझारिनॉव्ह यांनी लेनिनग्राडमध्ये स्वतंत्रपणे मांडली. क्रोमर यांचा लेख पहिल्या नियतकालिकाने परत पाठवला. अशा लेसरला काही व्यावहारिक उपयोग नाही, असे सांगून त्यांच्या कंपनीनेही पुढच्या कामासाठी साधनसामग्री नाकारली. अल्फेरॉव्ह यांच्या वाटेत अडचण निराळी होती. मधल्या थराची आणि कुंपणाची स्फटिकजाळी जुळल्याशिवाय सांध्यावर दोष पडतात. गॅलियम आर्सेनाइडच्या जाळीचे एक घर ०.५६५ नॅनोमीटरचे. त्यांनी आधी फॉस्फरस मिसळलेले कुंपण वापरून पाहिले, पण त्याची घरे लहान पडत आणि सांधा बिघडे. ॲल्युमिनियम आर्सेनाइडचे घर ०.५६६ नॅनोमीटरचे, म्हणजे फरक हजारात एक-दोन. जुळणी अशी असूनही तिकडे कोणी वळत नव्हते, कारण हा पदार्थ दमट हवेत विरून जातो हे सगळ्यांना माहीत होते. मग लेनिनग्राडच्या संस्थेतल्या एका रसायनतज्ज्ञाने अल्फेरॉव्ह यांना सांगितले की ॲल्युमिनियम आणि गॅलियम यांच्या मिश्र आर्सेनाइडचे छोटे स्फटिक एका सहकाऱ्याच्या टेबलाच्या खणात दोन वर्षे पडून आहेत आणि त्यांना काहीही झालेले नाही. शुद्ध पदार्थ हवेत टिकत नव्हता. मिश्रण टिकत होते. अमेरिकेत आयबीएमचे जेरी वूडॉल आणि हान्स रुपरेख्ट हेही १९६७ मध्ये याच मिश्रणापर्यंत पोचले. १९७० च्या उन्हाळ्यात आधी लेनिनग्राडला आणि काही आठवड्यांच्या अंतराने बेल लॅबोरेटरीजमध्ये इझुओ हायाशी आणि मॉर्टन पॅनिश यांच्याकडे, खोलीच्या साध्या तापमानात अखंड चालणारा लेसर उजळला. आता दर चौरस सेंटिमीटरला हजार-दोन हजार अँपिअर पुरत होते, आणि नायट्रोजन लागत नव्हता. सात वर्षे कागदावर तयार असलेली कल्पना या एका सांध्याने प्रत्यक्षात आणली.

इथे एक आक्षेप येईल. जुळणारे मिश्रण सापडणे हाही शोधच, मग त्याला कारागिरी का म्हणायचे? याचे उत्तर पुढच्या काही वर्षांत आहे. १९७० चे लेसर उजळले खरे, पण टिकले नाहीत. काही मिनिटांत, फार तर काही तासांत मंद होऊन विझत. बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७३ च्या सुमारास विझत चाललेल्या लेसरच्या आत डोकावून पाहिले, तेव्हा उजळ पट्ट्यात काळ्या रेघा वाढताना दिसल्या. स्फटिकातला एखादा जुना दोष लेसरच्याच ऊर्जेवर पोसला जाऊन पसरत होता. मग स्फटिक वाढवताना त्यात ताण राहू न देणे, चकती चिकटवताना दाब न पडू देणे, कडांना संरक्षक थर देणे, ऑक्सिजनचा मागमूस काढणे अशी वर्षानुवर्षांची कामे झाली. यातल्या एकाही पायरीला नोबेल मिळालेले नाही, पण तासांचे आयुष्य वर्षांवर नेले ते या पायऱ्यांनी. १९७० मध्येच कॉर्निंगच्या तिघा संशोधकांनी किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी प्रकाश गमावणारा काचतंतू ओढला होता. टिकाऊ लेसर मिळाल्यावर १९७७ मध्ये लाँग बीच आणि शिकागो इथे खऱ्या ग्राहकांचे टेलिफोन संभाषण प्रकाशावर जाऊ लागले. १९७९ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजांना परस्परांशी जोडणारी भारतातली पहिली प्रकाशतंतू यंत्रणा पुण्यात सुरू झाली. दीड दशकापूर्वी निरुपयोगी ठरवलेला दिवा घराघरांतल्या बोलण्यापर्यंत आला तो सांध्याचे दोष निस्तरले म्हणून.

यापेक्षा जड आक्षेप दुसरा आहे, आणि तो किल्बी यांच्या कामातूनच निघतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक मंडले हजारो सुट्या भागांची झाली होती आणि त्यातला प्रत्येक भाग हाताने सोल्डर करावा लागे. सांधे वाढत तशी मंडले नादुरुस्त होत. या पेचाला तेव्हा आकड्यांची जुलूमशाही म्हणत. १९५८ मध्ये किल्बी यांनी सगळे भाग एकाच स्फटिकात कोरून सांधेच काढून टाकण्याची वाट दाखवली. म्हणजे एकात्मीकरणाचा जन्मच सांधे टाळण्यासाठी झाला. मग त्याचा प्रकाशातला अवतार सांध्यांचा इतिहास कसा असेल? नीट पाहिले तर किल्बी यांच्या पहिल्या तुकड्यावरही सोन्याच्या बारीक तारा हातानेच जोडलेल्या होत्या. पुढच्या वर्षी रॉबर्ट नॉइस यांनी सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर आणि त्यावर धातूच्या रेघा उमटवण्याची पद्धत मांडली आणि तारा गेल्या. तिथेही सिलिकॉन, ऑक्साइड आणि धातू यांचे सांधे होतेच, आजच्या चिपमध्ये तर ते अब्जावधी आहेत. पण ते एकेक करून होत नाहीत. संपूर्ण वेफरवर, म्हणजे स्फटिकाच्या अख्ख्या चकतीवर, एका दमात होतात. फरक या ठिकाणी आहे. हाताने एकेक केलेला सांधा महाग आणि बेभरवशाचा. अख्ख्या वेफरवर एकदम झालेला सांधा स्वस्त आणि सारखा. म्हणून माझे म्हणणे नेमक्या शब्दांत मांडायचे तर असे: फोटॉनिक्सचा इतिहास म्हणजे सुट्या सांध्याकडून वेफरभर सांध्याकडे झालेला प्रवास. बेल लॅबोरेटरीजच्या स्ट्युअर्ट मिलर यांनी १९६९ मध्ये लेसर, वेव्हगाइड आणि प्रकाशावर संदेश चढवणारा मॉड्युलेटर एका पट्टीवर आणण्याची कल्पना मांडून तिला 'इंटिग्रेटेड ऑप्टिक्स' हे नाव दिले. त्या कल्पनेला सिलिकॉनवर उतरायला पुढे जवळजवळ चार दशके लागली, कारण वेफरभर निर्दोष सांधा करणे तोवर कोणाला येत नव्हते.

सिलिकॉनच्या वाटा आधी तयार झाल्या. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेतले रिचर्ड सोरेफ यांनी १९८५ मध्ये १.३ मायक्रॉनचा प्रकाश सिलिकॉनच्या वेव्हगाइडमधून नेऊन दाखवला आणि १९८७ मध्ये ब्रायन बेनेट यांच्यासह, विजेने इलेक्ट्रॉनांची गर्दी कमी-जास्त केली की सिलिकॉनचा अपवर्तनांक किती बदलतो, याचे गणित मांडले. आजचे सिलिकॉन मॉड्युलेटर याच गणितावर चालतात. पण केसाच्या शेकडो पटींनी बारीक रेघ काढायची तर तिच्याखाली ऑक्साइडचे अस्तर हवे, आणि त्यावर अखंड स्फटिकाची पातळ, सारख्या जाडीची साय हवी. ती दिली ग्रेनोब्लमधल्या मिशेल ब्रुएल यांच्या १९९१ च्या युक्तीने. सिलिकॉनच्या वेफरमध्ये ठराविक खोलीवर हायड्रोजनचे आयन घुसवायचे, ऑक्साइड चढवलेला हा वेफर दुसऱ्या वेफरला पालथा चिकटवायचा आणि तापवायचा. हायड्रोजनचे सूक्ष्म फुगे त्या खोलीवर स्फटिक सोलून काढतात आणि शेकडो नॅनोमीटरची साय दुसऱ्या वेफरवर राहते. म्हणजे ज्या वेव्हगाइडला आपण निव्वळ सिलिकॉनचे म्हणतो तेही एका सांध्यावरच उभे आहे. पुढची लढाई कडांशी झाली. एमआयटीत २००० च्या आसपास मोजलेल्या रेघांमध्ये कडेचा खडबडीतपणा फक्त काही नॅनोमीटरचा होता, तरी सेंटिमीटरला ३२ डेसिबल प्रकाश जात होता. म्हणजे एक सेंटिमीटरनंतर सोळाशेवा हिस्सा उरे. त्याच गटाने ऑक्सिडेशनने कडा गुळगुळीत केल्या आणि नुकसान ०.८ डेसिबलवर आणले; आता त्याच अंतरावर ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रकाश पोचू लागला. पदार्थ तोच होता, सिद्धांत तोच होता, प्रकाशाची तरंगलांबीही तीच होती. बदलली ती सिलिकॉन आणि ऑक्साइड जिथे भेटतात ती शीव.

ज्यांना सिलिकॉनचा स्वतःचा उजेड हवा होता त्यांचे प्रयत्न आदराने पाहायला हवेत, कारण माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा तोच असू शकला असता. १९९० मध्ये इंग्लंडच्या लेह कॅनम यांनी आम्लाने चाळणीसारखे केलेले सिलिकॉन साध्या तापमानात लाल चमकते हे दाखवले आणि जगभर आशा पसरली. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात बहराम जलाली यांच्या गटाने सिलिकॉनचा पहिला लेसर चालवला आणि २००५ मध्ये इंटेलने तो अखंड चालवून दाखवला. हा लेसर रामन परिणामावर चालतो, सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये कलकत्त्यात जाहीर केलेला परिणाम पाऊणशे वर्षांनी सिलिकॉनच्या रेघेत कामाला आला, ही भारतीय वाचकाला सुखावणारी गोष्ट आहे. २०१० मध्ये एमआयटीने सिलिकॉनवर वाढवलेल्या जर्मेनियमचा लेसर दाखवला. हे सगळे विज्ञान खरे आणि सुंदर आहे. पण सच्छिद्र सिलिकॉनचा उजेड मंद आणि बेभरवशाचा राहिला. रामन लेसरला चालवायला बाहेरून दुसरा लेसर लागतो. वीज दिली की उजेड मिळावा, ही मूळ मागणी तो पुरी करत नाही. जर्मेनियमला लागणारा प्रवाह व्यवहाराच्या फार पलीकडे होता. त्यामुळे आज विदाकेंद्रांत जे सिलिकॉन फोटॉनिक्स राबते आहे त्यात या तिन्हींपैकी एकही नाही. उद्या चित्र बदलू शकते. आजवरच्या इतिहासाची साक्ष मात्र स्पष्ट आहे.

मग उजेड आला कसा? सप्टेंबर २००६ मध्ये सांता बार्बरा इथल्या जॉन बोवर्स यांच्या गटाने आणि इंटेलने मिळून जो लेसर जाहीर केला तो घडवण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. सिलिकॉनच्या वेफरवर वेव्हगाइडच्या रेघा आधीच कोरून ठेवायच्या. इंडियम फॉस्फाइडच्या वेगळ्या तुकड्यावर उजेड देणारे थर वाढवायचे. दोन्ही पृष्ठभाग इतके स्वच्छ करायचे की धुळीचा कणही उरू नये, मग ऑक्सिजन प्लाझ्माने त्यांच्यावर ऑक्साइडची काही नॅनोमीटरची साय आणायची आणि एकमेकांवर ठेवायचे. पृष्ठभाग आपोआप धरतात. मग दाबून सुमारे ३०० अंशांवर तापवले की धरणे पक्के होते. तापमान याहून फार चढवता येत नाही, कारण इंडियम फॉस्फाइड सिलिकॉनपेक्षा जवळजवळ पावणेदोन पट प्रसरण पावते आणि थंड होताना सांधा ताणाने तडकतो. शेवटी इंडियम फॉस्फाइडचा जाड पाया आम्लात विरघळवून टाकला की सिलिकॉनवर दोनेक मायक्रॉनचा थर उरतो. यात डिंक नाही, आणि मुख्य म्हणजे लेसर वेव्हगाइडशी जुळवून बसवण्याची कसरतही नाही. वरचा थर सगळीकडे सारखा असतो. लेसर कुठे होणार हे खालची सिलिकॉनची रेघ ठरवते. प्रकाशाचा मोठा भाग सिलिकॉनमध्ये राहतो आणि त्याचा काठ वरच्या थरातून ऊर्जा घेतो. पहिल्या लेसरला ६५ मिलिअँपिअर प्रवाह लागला आणि त्याने १.८ मिलिवॉट प्रकाश दिला. या रीतीतही एक खोट निघाली: सांधताना तयार होणारे पाणी आणि हायड्रोजन अडकून फुगे येत आणि थर उचलला जाई. २००८ मध्ये बोवर्स यांच्याच गटाने त्यावर उपाय काढला. सिलिकॉनमध्ये खालच्या ऑक्साइडपर्यंत जाणारी असंख्य बारीक छिद्रे ठेवली, म्हणजे वायू त्यांतून उतरून ऑक्साइडमध्ये जिरतो. ब्रुएल यांच्या युक्तीत हायड्रोजनचे फुगे स्फटिक सोलून देत होते. इथे तेच फुगे काम बिघडवत होते. फुग्यांना काबूत ठेवणे हाच दोन्हीकडे कारागिरीचा गाभा होता.

लेसर लहान करण्याची धडपड याला समांतर चालू होती, आणि लहानपणामुळेच प्रगती झाली असे म्हणणारेही आहेत. १९९२ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये सॅम मॅकॉल आणि सहकाऱ्यांनी काही मायक्रॉन व्यासाच्या चकतीचा लेसर केला. विजापूरच्या गोल घुमटात सज्जाच्या भिंतीशी केलेली कुजबुज वळणाच्या कडेकडेने फिरून पार समोरच्या माणसाला ऐकू येते, हे आपल्याकडे सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या घुमटातल्या अशाच अनुभवाचे गणित लॉर्ड रॅले यांनी केले होते आणि १९२१ मध्ये रामन यांनीही त्याच घुमटात प्रयोग केले. चकतीच्या लेसरमध्ये आवाजाच्या जागी प्रकाश आहे आणि घुमटाच्या जागी केसाहून कितीतरी लहान चकती. काठाला चिकटून फिरणारा प्रकाश आरशांशिवाय कोंडून राहतो, म्हणून अगदी थोड्या ऊर्जेत लेसर चालतो. पण हा गुण हीच त्याची अडचणही आहे: इतका नीट कोंडलेला प्रकाश बाहेर काढायचा कसा? २००७ मध्ये गेंट, ग्रेनोब्ल आणि ल्यों इथल्या संशोधकांनी उत्तर दिले. इंडियम फॉस्फाइडची ७.५ मायक्रॉन व्यासाची चकती त्यांनी सिलिकॉनच्या वेव्हगाइडवर अशी सांधली की दोहोंमध्ये नॅनोमीटरांत मोजण्याइतके ऑक्साइडचे अंतर उरले, आणि त्या फटीतून प्रकाश खालच्या रेघेत झिरपला. प्रवाह लागला अवघा अर्धा मिलिअँपिअर. हे अंतर जास्त झाले तर प्रकाश उतरत नाही आणि कमी झाले तर इतका गळतो की लेसर चालत नाही. आकार लहान झाल्याने सांध्याचे महत्त्व घटले नाही, उलट त्याची जाडीच लेसरचे नशीब ठरवू लागली.

उरतात ते व्यवहाराचे दोन आक्षेप. पहिला असा की सिलिकॉनच्या मागे लागायचेच कशाला? इंडियम फॉस्फाइडवर लेसर, मॉड्युलेटर, वेव्हगाइड सगळेच होते, आणि इन्फिनेरा या कंपनीने २००५ च्या सुमारास त्याच्या एका चिपवर दहा वाहिन्या बसवून सेकंदाला १०० गिगाबिट वाहणारे मंडल बाजारात आणले. हे यश खरे आहे, आणि दूर अंतराच्या जाळ्यांत त्या पदार्थाचे स्थान पक्के आहे. पण त्याचे वेफर महाग, ठिसूळ आणि आकाराने लहान, तर सिलिकॉनचे ३०० मिलिमीटरचे. शिवाय सिलिकॉनमागे साठ वर्षांच्या कारखान्यांची शिस्त उभी आहे. जिथे लाखांनी चिप लागतात तिथे पारडे सिलिकॉनकडे झुकते. २०१६ मध्ये इंटेलने वेफरवर सांधलेल्या लेसरचे १०० गिगाबिटचे सिलिकॉन फोटॉनिक जोडयंत्र विकायला काढले, तेव्हा हे दिसून आले. दुसरा आक्षेप अधिक ताजा आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या लक्सटेराने लेसर वेगळ्या चिमुकल्या डबीत घालून सिलिकॉन चिपवर बसवला. एनव्हिडियाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलेल्या स्विचमध्येही लेसर बाहेर, सुटा काढता येईल असा ठेवला आहे, आणि चिपवर फक्त सूक्ष्म कड्यांचे मॉड्युलेटर आहेत. म्हणजे बाजाराने सांध्याचा नाद सोडला का? तसे मला वाटत नाही. तापलेल्या प्रोसेसरजवळ लेसर लवकर थकतो आणि बिघडला तर बदलता यावा लागतो, म्हणून तो दूर नेला. पण तिथून येणारा तंतू चिपवरच्या रेघेशी मायक्रॉनच्या अंशात जुळवावाच लागतो. ते जुळवणे एकेक करून होते, आणि अशा मालाच्या खर्चात त्याचा वाटा मोठा असतो. सांधा इथे फक्त जागा बदलून बसला आहे, आणि तो सुटा असल्याची किंमत द्यावी लागते आहे.

म्हणूनच आजचे सर्वांत चिवट काम लेसर थेट सिलिकॉनवर वाढवण्याचे आहे, कारण वेफरभर सांध्याचे ते टोक आहे. सिलिकॉनचे घर ०.५४३ नॅनोमीटरचे, गॅलियम आर्सेनाइडचे चार टक्क्यांनी मोठे. दोन मापांच्या फरश्या शेजारी शेजारी बसवल्या तर दर पंचविसाव्या फरशीला रांग फसते. स्फटिकात ती फसगत दोष होऊन वरपर्यंत चढते आणि लेसर मारते. १९८२ मध्ये यासुहिको अराकावा आणि हिरोयुकी साकाकी यांनी क्वांटम डॉटच्या, म्हणजे अर्धवाहकाच्या अतिसूक्ष्म ठिपक्यांच्या, लेसरची कल्पना मांडली ती वेगळ्या हेतूने. पण सुट्या ठिपक्यात अडकलेला इलेक्ट्रॉन शेजारच्या दोषापर्यंत भटकत जात नाही, हा त्या ठिपक्यांचा गुण इथे कामी आला. २०१६ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गटाने कार्डिफच्या साथीने सिलिकॉनवर थेट वाढवलेला असा लेसर दाखवला. त्याला दर चौरस सेंटिमीटरला ६२.५ अँपिअर पुरले आणि त्याच्या अंदाजित आयुष्याने एक लाख तासांचा टप्पा ओलांडला. हॉल यांचे साडेआठ हजार अँपिअर आठवले की मधली चोपन्न वर्षे काय करत होती ते कळते. जानेवारी २०२५ मध्ये बेल्जियमच्या आयमेक संस्थेने ३०० मिलिमीटरच्या वेफरवर, अरुंद चरांत वाढवलेल्या गॅलियम आर्सेनाइडच्या कंगोऱ्यांचे लेसर प्रसिद्ध केले. दोष चराच्या भिंतींवर आदळून तिथेच संपतात, वर चढत नाहीत. दोष नाहीसे करणे शक्य नसेल तर त्यांना निरुपद्रवी जागी संपवायचे, हे शहाणपण साठ वर्षांच्या अनुभवातून आले आहे.

या इतिहासातून आपण काय घ्यायचे, हा प्रश्न दूरचा नाही. भारत सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेल्या ७६ हजार कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर कार्यक्रमात सिलिकॉन फोटॉनिक्सच्या कारखान्यांचा नावानिशी उल्लेख आहे. तिथे पैसा आणि मान फक्त नव्या परिणामाच्या शोधाला मिळाला, तर आपण या विद्येचा अर्धाच धडा शिकलो असे होईल. स्फटिक वाढवणारे, पृष्ठभाग घासणारे, वेफर सांधणारे आणि विझलेला लेसर उघडून तो का विझला हे शोधणारे हात या इतिहासात पुनःपुन्हा निर्णायक ठरले आहेत. ते हात एका वर्षात तयार होत नाहीत आणि विकतही आणता येत नाहीत. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पदार्थविज्ञानाच्या आणि पॅकेजिंगच्या प्रयोगशाळांना आज असते त्याहून पुढची जागा मिळायला हवी. आणि सिलिकॉन उजळल्याची बातमी पुन्हा कधी वर्तमानपत्रात आली तर वाचकाने तीन प्रश्न जरूर विचारावेत: तो दिवा नुसत्या विजेवर चालतो का, किती तास चालतो, आणि एका वेफरवर असे किती दिवे सारखे होतात? या तिन्हींचे समाधानकारक उत्तर १९६२ पासून आजवर ज्यांनी दिले, त्यांनी ते सांधा पक्का करूनच दिले आहे.